जुन्या फेल्ट हॅटचे रंग: करडा, तपकिरी आणि त्यांच्या अल्याडपल्याडचे

प्रश्न थोडक्यात असा आहे. आजोबा 1950 च्या सुमारास शिकायला अमेरिकेत होते. त्यांची तिथली, आत स्टेटसन या अमेरिकन कंपनीचा शिक्का असलेली फेल्ट हॅट (प्राण्यांचे केस आटवून, दाबून केलेल्या जाड कापडाची) घरच्या ट्रंकेत सापडली. रंग करडा म्हणावा तर हिरवट दिसतो, खिडकीशी नेली की मातकट वाटतो. त्या काळी सगळे पुरुष काळ्या नाहीतर करड्या हॅट घालायचे, मग हा रंग मूळचा की कुणी नंतर दिलेला? आणि तेव्हा कोणते रंग खपायचे, आज कोणते दुर्मीळ?

मी न्यू जर्सीत जुन्या हॅट दुरुस्त करतो. साफ करणं, वाफेवर घेऊन लाकडी ठोकळ्यावर पुन्हा घाटात बसवणं, बाहेरची फीत आणि आतली चामड्याची पट्टी बदलणं हे माझं काम. फीत उसवली की खाली मूळ रंग जसाच्या तसा सापडतो, त्यामुळे ह्या हॅट नव्या असताना कशा दिसत असतील याचा अंदाज मला दुकानातल्या कपाटापेक्षा टेबलावर जास्त आला आहे. उत्तर लांब होईल, पण हा विषय दोन ओळींत उरकला की गैरसमजच वाढतात.

सगळं काळं-करडं होतं हा समज आला तो कृष्णधवल फोटोंतून. 1920 च्या दशकात सर्रास वापरली जाणारी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म निळा आणि हिरवा प्रकाश टिपायची, तांबड्याला मात्र ती जवळपास आंधळी होती. त्यामुळे त्या फोटोंत विटकरी-तपकिरी हॅट काळी ठिक्कर दिसते आणि निळी हॅट फिकी करडी. पुढे पॅनक्रोमॅटिक फिल्म आली. तिला सगळे रंग दिसायचे, पण कागदावर मध्यम तपकिरी, मध्यम हिरवा आणि मध्यम करडा हे तिन्ही एकाच छटेत उतरायचे. आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण म्हणजे भगतसिंगांचा हॅटमधला फोटो, 1929 साली दिल्लीत काश्मिरी गेटच्या स्टुडिओत काढलेला. त्यातली हॅट कॅलेंडरांवर कधी पिवळी, कधी तपकिरी, कधी काळी रंगवलेली आपण पाहिली आहे. ते रंग चित्रकारांचे आहेत. त्या फोटोवरून हॅटचा खरा रंग सांगता येत नाही, आणि कुठल्याही कृष्णधवल फोटोवरून तो सांगायला जाऊ नये असं माझं ठाम मत आहे.

रस्त्यावर खरोखर काय दिसत होतं ते पाहायचं तर अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधले 1939 ते 1944 या काळातले सरकारी रंगीत फोटो बघा. कोडाक्रोम फिल्मवर काढलेले हे सुमारे 1600 फोटो आहेत आणि ते घरबसल्या पाहता येतात. शेतकरी, रेल्वेचे कामगार, जत्रेतले लोक. झगमगीत रंग फारसे नाहीत. मातीचा, धुराचा, गव्हाळ, उदी असे रंग आहेत आणि फितीच्या वर घामाचे डाग चढलेले आहेत. पण शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोघांच्या हॅट एकाच रंगाच्या सहसा दिसत नाहीत. याउलट 1933 साली सुरू झालेल्या एस्क्वायरसारख्या मासिकातल्या रंगीत चित्रांत ट्वीडच्या कोटावर गर्द हिरवी हॅट, निळ्या सूटवर निळसर हॅट असा थाट असतो. ती चित्रं खोटी नाहीत, पण ती पैसेवाल्यांनी काय घालावं ते सांगतात. लोकांनी काय घातलं ते सांगत नाहीत. जुन्या हॅटबद्दल लिहिणारे बरेचजण ही दोन्ही साधनं एकाच मापाने मोजतात आणि मग हिरव्या हॅट गल्लोगल्ली होत्या असा निष्कर्ष काढून मोकळे होतात.

बहुसंख्य हॅट करड्या आणि तपकिरी होत्या, हे मात्र खरं आहे आणि त्याला साधं कारण आहे. सामान्य नोकरदाराकडे दोन-तीन सूट असायचे आणि चांगली फेल्ट हॅट एक, फार तर दोन. त्या एकीला सगळ्या सूटांवर चालावं लागे. करडी हॅट निळ्या आणि करड्या सूटवर जाते, तपकिरी हॅट तपकिरी सूट आणि बदामी ओव्हरकोटवर. त्यात शहरांत कोळशाचा धूर. फिक्या हॅटवर काजळी आठवड्याभरात दिसायला लागे. शिवाय फेल्ट हे थंडीचं वस्त्र. अमेरिकेत साधारण मे महिन्याच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत गवती हॅट घालायची आणि मग फेल्टची, असा दंडक होता. तो इतका कडक होता की 1922 च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कमध्ये पोरांच्या टोळ्यांनी लोकांच्या डोक्यावरच्या गवती हॅट हिसकावून फोडल्या आणि त्यातून दंगल पेटली. म्हणजे फेल्टची मोठी खरेदी व्हायची ती पानगळीच्या तोंडावर, आणि तेव्हा गडद, उबदार रंगांकडे हात आपोआप जायचा. वसंतासाठी हलक्या वजनाच्या, फिक्या रंगाच्या फेल्ट निघत, पण त्यांचा खप त्यामानाने कमी.

आता करडा म्हणजे कोणता करडा, इथून खरी गंमत सुरू होते. मोत्यासारखी पांढुरकी झाक असलेला, पारवा, पोलादी निळसर, कोळशाच्या जवळ जाणारा, हिरवट, जांभळट असे कितीतरी करडे एकट्या 1940 च्या दशकात सापडतात. तपकिरीत बिस्किटी, बदामी, मधाचा, कॉफीचा, तांबूस विटकरी, आणि काळ्याच्या उंबरठ्यावरचा चॉकलेटी. विक्रेते ह्या छटांना हरणांची, प्राण्यांची, फळांची नावं द्यायचे. एकाच कंपनीचं एकच नाव दहा वर्षांनी वेगळ्याच छटेला दिलेलं आढळतं, म्हणून नावावर विसंबू नका.

ह्या छटा इतक्या का, हे कळायला फेल्ट बनतं कसं ते थोडं सांगावं लागेल. चांगली हॅट मेंढीच्या लोकरीची नसते. ती ससा, रानससा, बीव्हर किंवा न्यूट्रिया या प्राण्यांच्या अंगाशी असलेल्या मऊ लवेची असते. ही लव सच्छिद्र तांब्याच्या शंकूवर हवेच्या ओढीने बसवतात, तिच्यावर गरम पाणी मारतात आणि मग तो प्रचंड मोठा, पातळ शंकू गरम पाण्यात मळून मळून आटवतात. आटल्यावर त्याला रंगाच्या उकळत्या, आम्लयुक्त हौदात बुडवतात, ठोकळ्यावर चढवतात, बारीक सँडपेपरने घासून मऊ करतात. लवेचा स्वतःचा रंग इथे फार महत्त्वाचा. रानसशाची किंवा बीव्हरची लव मुळातच करडी-उदी असते. तिच्यावर तपकिरी, करडा, काळा सहज चढतो. पण मोतिया किंवा दुधी हॅट करायची तर पोटाखालची फिकी लव निवडून वेगळी काढावी लागते. अमेरिकन पश्चिमेत आजही मान असलेला सिल्व्हरबेली हा रंग अशाच बीव्हरच्या पोटाच्या लवेवरून आला, मळकट पांढरा आणि फिका बिस्किटी यांच्या मधला. अमेरिकेचे अध्यक्ष झालेले लिंडन जॉन्सन यांनी तो रंग आणि स्टेटसनची ओपन रोड ही हॅट जगभर नेली, पाहुण्यांना भेट म्हणूनही दिली.

त्यात आणखी एक अडचण होती. लव एकमेकांत गुंतावी म्हणून तिला पाऱ्याच्या नायट्रेटचं द्रावण लावत. ती जास्त आचेवर सुकवली की टोकं नारिंगी-पिवळी पडत. गडद रंगात हा पिवळेपणा लपतो. फिक्या हॅटसाठी लव मंद आचेवर, हळू सुकवावी लागे. म्हणून फिकी, स्वच्छ रंगाची हॅट म्हणजे निवडक माल आणि जास्त मेहनत. गडद रंग हा कमी प्रतीचा मालही झाकून घेतो. दोन हॅटची किंमत सारखी असेल आणि एक मोतिया, एक काळी असेल, तर मोतियात चांगली लव असण्याची शक्यता अधिक असते, हे मी कुणालाही सांगतो. ह्या पाऱ्याने कामगारांचे हातपाय थरथरायचे, माणसं खचून जायची. 1860 साली इथल्याच ऑरेंज या गावच्या डॉक्टर फ्रीमन यांनी न्यू जर्सीच्या हॅट कामगारांच्या ह्या आजाराची नोंद केली होती. कनेक्टिकटमधल्या डॅनबरीला तर, जे अमेरिकेचं हॅटांचं गाव, ह्या थरथरीला गावाचंच नाव पडलं. तरी पारा अमेरिकेत बंद व्हायला डिसेंबर 1941 उजाडला. त्याआधीच्या हॅटमध्ये पारा अजून शिल्लक असू शकतो, म्हणून जुनी हॅट वाफेवर धरताना खिडक्या उघड्या ठेवा, आणि लहान मुलांना खेळायला देऊ नका.

सगळ्या हॅट शंकू झाल्यावरच रंगवत असं नाही. काही कारखाने लव आधीच वेगवेगळ्या रंगांत रंगवून घ्यायचे आणि मग मिसळून शंकू करायचे. आपल्याकडे घोंगडीत काळी आणि पांढरी लोकर एकत्र कातून जसा करडा येतो, तसा हा रंग येतो: लांबून एक छटा, डोळ्याजवळ धरली की आत निळे, हिरवे, तांबूस केस वेगवेगळे दिसतात. इथले लोक त्याला मिक्स्चर म्हणतात. तुमची हॅट घरात एक आणि खिडकीशी दुसराच रंग दाखवते, त्याचं एक संभाव्य कारण हेच आहे. भिंग घ्या आणि कडेजवळ बघा. रंगीत केस सुटे दिसले तर तो रंग कुणी नंतर दिलेला नाही, कारण मिक्स्चर घरी किंवा दुरुस्तीच्या दुकानात करताच येत नाही.

काळानुसार आवड कशी बदलत गेली ते सांगतो. एकोणिसाव्या शतकात फेल्ट म्हटलं की कडक, गोल माथ्याची बोलर. लंडनला 1849 साली जन्मलेली ही हॅट शहरात काळी आणि गावाकडे तपकिरी, हा इंग्रजांचा नियम बराच काळ पाळला गेला. अमेरिकेत मात्र 1928 ची अध्यक्षीय निवडणूक लढवणाऱ्या अल स्मिथ यांनी न्यूयॉर्कमध्ये राहून तपकिरी डर्बी (बोलरचंच अमेरिकन नाव) घातली आणि ती त्यांची ओळख झाली. पहिल्या महायुद्धापर्यंत जगातले बहुतेक कृत्रिम रंग जर्मनीत बनायचे. युद्धात तो पुरवठा तुटला आणि अमेरिकन कारखान्यांना पुन्हा लॉगवूडसारख्या लाकडातून काढलेल्या जुन्या काळ्या रंगाकडे वळावं लागलं. 1920 च्या दशकात फेडोराने, म्हणजे माथ्यावर खाच असलेल्या मऊ फेल्ट हॅटने, बोलरला मागे टाकलं. इंग्लंडचे युवराज एडवर्ड पुढची कड खाली वाकवलेली हॅट घालायचे, तिचं अनुकरण अटलांटिकच्या दोन्ही बाजूंना झालं. त्याच दशकात मोतिया करड्या हॅटवर रुंद काळी फीत हा जोड फार चालला. अल कपोनच्या डोक्यावर तो दिसतो म्हणून लोक त्याला गुंडांचा रंग समजतात, पण बँकेतले कारकूनही तीच हॅट घालत होते.

1930 आणि 1940 ही दशकं रंगांच्या दृष्टीने सगळ्यांत श्रीमंत, माझ्या मते. अमेरिकेत स्टेटसन, मॅलरी, डॉब्ज, नॉक्स, इटलीत आलेसांद्रियाची बोर्सालिनो, मोराव्हियात 1799 पासूनची ह्युकेल, सगळे एकमेकांशी स्पर्धा करत होते आणि घाट जवळपास सारखेच असल्यामुळे स्पर्धा रंगात, फितीत आणि पोतात व्हायची. ह्याच काळात फीत बोलायला लागली. करड्या हॅटवर गर्द निळी किंवा डाळिंबी फीत, बदामी हॅटवर कॉफी रंगाची, निळसर करड्यावर काळी. स्टेटसनच्या व्हिपेट या हॅटच्या कडेला वेगळ्या रंगाच्या फितीची गोठ असते आणि ती गोठच त्या हॅटचं सौंदर्य आहे. महागड्या हॅटमध्ये मात्र उलट चाल दिसते: फीत हॅटच्याच रंगाची, फक्त अर्धी छटा गडद. मला स्वतःला ती चाल जास्त आवडते, कारण तिथे फेल्टच्या रंगाला मदतीची गरज पडत नाही. जुन्या हॅटचा रंग म्हणून लोक फक्त फेल्ट पाहतात. फीत बदललेली असेल तर मूळ रंगसंगतीचा अर्धा भाग गेलेला असतो, आणि दुरुस्तीवाल्यांनी हाताशी असलेली काळी फीत लावून ठेवलेल्या हॅट माझ्याकडे सतत येतात.

1950 च्या दशकात सूट कोळशाच्या रंगाकडे गेले, कड अरुंद झाली आणि हॅटही गडद झाल्या. शेवटी शेवटी, 1960 च्या आसपास, पिसाचा तुरा लावलेल्या, खरखरीत पोताच्या, ऑस्ट्रियन डोंगराळ धाटणीच्या हॅट आल्या आणि त्यांच्याबरोबर शेवाळी-हिरव्या मिक्स्चरची लाटच आली. अध्यक्ष केनेडींनी हॅटची फॅशन संपवली असं म्हणतात, पण 20 जानेवारी 1961 ला शपथविधीला ते उंच टॉप हॅट घेऊनच गेले होते, आणि खप त्याआधीपासूनच घसरत होता. स्टेटसनचा फिलाडेल्फियाचा मोठा कारखाना 1971 साली बंद झाला.

ह्यातून दुर्मिळतेचं उत्तर मिळतं, आणि ते नुसत्या रंगावर अवलंबून नाही. हिरवी हॅट दुर्मीळ का? अरुंद कडेची, 1960 ची असेल तर अजिबात नाही, अशा भरपूर मिळतात. रुंद कडेची, 1930 किंवा 1940 च्या दशकातली, मूळ फितीसकट गर्द हिरवी असेल तर ती खरंच क्वचित हाती लागते आणि संग्राहक तिच्यासाठी भांडतात. निळ्याचंही तसंच. निळसर करडी हॅट नेहमीची. पण जिला सूर्यप्रकाशातही निळीच म्हणावं लागेल अशी हॅट कमी. डाळिंबी किंवा मरून पुरुषी हॅट तर त्याहून कमी, आणि अशी समोर आली की पहिली शंका ती नंतर रंगवलेली आहे हीच घ्यावी. मोतिया, दुधी ह्या तेव्हा पुष्कळ विकल्या गेल्या, पण डागविरहित टिकलेल्या थोड्या. म्हणजे तेव्हा लोकप्रिय आणि आज दुर्मीळ, दोन्ही एकदम.

काळ्याबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण सगळ्यांत जास्त चुकीचे समज त्याचेच आहेत. रोजच्या वापरातल्या अमेरिकन फेडोरात काळा हा करड्या-तपकिरीच्या बराच मागे होता. काळी हॅट अंत्यविधीला, धर्मस्थळी, औपचारिक पोशाखावर. होम्बर्गचं, म्हणजे कड वर वळवलेल्या, जरा कडक फेल्ट हॅटचं, मात्र वेगळं. इंग्लंडचे राजे सातवे एडवर्ड युवराज असताना जर्मनीतल्या बाड होम्बुर्गहून ही हॅट त्यांनी आणली, पुढे 1930 च्या दशकात ब्रिटिश राजकारणी अँथनी ईडन यांनी ती काळी करून कचेरीत बसवली, आणि अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी 1953 च्या शपथविधीला टॉप हॅटऐवजी गडद होम्बर्ग घातली. आज बाजारात काळ्या जुन्या हॅट इतक्या दिसतात त्याचं कारण टिकण्यात आहे. लग्न-मयतीला वर्षातून चारदा बाहेर निघणारी हॅट डब्यात नव्यासारखी राहते. माणसाची लाडकी करडी हॅट पावसात, घामात, ट्रामच्या गर्दीत झिजून संपते. आज उरलेल्या हॅट मोजून तेव्हाची आवड ठरवायची तर हा कल आधी वजा करायला हवा.

आणि काळ्यांपैकी कित्येक मूळच्या काळ्या नसतातच. बूट पॉलिश करणाऱ्यांच्या शेजारी हॅट साफ करणारी दुकानं असायची. डाग पडलेली फिकी हॅट तिथे गेली की डाग निघाला नाही तर ते ती गडद रंगवून द्यायचे. गिऱ्हाईकाला स्वस्तात नवी हॅट मिळाल्याचं समाधान. हे ओळखायचं कसं, ते नीट सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे.

हॅट उलटी करा. आतली चामड्याची पट्टी बोटाने हलकेच बाहेर ओढा. ती जुनी असेल तर तडकते, म्हणून घाई नको, आणि कडक झाली असेल तर अजिबात ताणू नका. पट्टीच्या मागचं फेल्ट उजेड आणि घाम दोन्हींपासून वाचलेलं असतं. तिथला रंग आणि बाहेरचा रंग पांढऱ्या कागदाशेजारी, दिवसाच्या सावलीतल्या उजेडात ताडून बघा. ट्यूबलाइटखाली नाही, पिवळ्या दिव्याखाली तर नाहीच. आतला रंग स्वच्छ पोलादी करडा आणि बाहेरचा हिरवट-मातकट असेल, तर ते रंग उडणं आहे. करडा रंग बहुतेक वेळा दोन-तीन रंगद्रव्यांच्या मिश्रणाने साधलेला असतो. त्यातलं जे उन्हाला सर्वांत कच्चं ते आधी जातं आणि उरलेल्यांची झाक वर येते. म्हणून काही करड्या हॅट हिरव्या होतात, काही तपकिरी, काही जांभळट. जुना काळाही असाच तांबूस किंवा हिरवट पडतो. हॅट खिडकीशेजारी खुंटीला टांगलेली असेल तर एका बाजूलाच जास्त फरक दिसेल, हीही एक खूण.

आतला आणि बाहेरचा रंग एकच असेल तर पुढे चला. कडेची शिलाई बघा, चामड्याची पट्टी ज्या दोऱ्याने शिवली आहे तो दोरा बघा. फेल्टला देतात ते आम्लातले रंग केसांवर, लवेवर चढतात, सुती दोऱ्यावर ते नीट बसत नाहीत. कारखान्यात फेल्ट आधी रंगवून मग शिवायचे, त्यामुळे दोरा स्वच्छ आणि जुळत्या रंगाचा असतो. शिवलेली हॅट नंतर रंगवली असेल तर दोरा डागाळलेला, अर्धवट रंगलेला असतो, चामड्याच्या मागच्या बाजूला रंगाचे ओघळ असतात, अस्तराच्या कडेला डाग असतो. कसर लागून पडलेल्या भोकात फिका रंग दिसला तर तोही एक पुरावा, पण एकट्या त्याच्यावर निकाल देऊ नका. घट्ट फेल्टमध्ये कारखान्याचा रंगही कधी कधी मधोमध पोचलेला नसतो.

पट्टीच्या मागे छोटी कागदी चिठ्ठी शिल्लक असेल तर भाग्य समजा. स्टेटसनच्या चिठ्ठीवर माप आणि ठोकळ्याचा क्रमांक असतो, कधी कधी रंगाचं नावही. हॅटचा मूळ डबा घरात असेल तर त्याच्या बाजूचं लेबल शोधा, तिथेही रंग लिहिलेला सापडतो. शेजारी हॅट कामगारांच्या युनियनचं लेबल असेल. युनायटेड हॅटर्स, कॅप अँड मिलिनरी वर्कर्स ही संयुक्त संघटना 1934 साली झाली, म्हणून त्या नावाचं लेबल असलेली हॅट त्याआधीची असू शकत नाही. चिठ्ठी ओढून काढू नका, आहे तिथेच तिचा फोटो घ्या.

तुम्ही वर्णन केलंय त्यावरून, हॅट न पाहता, माझा कौल उडालेल्या करड्याकडे किंवा हिरवट मिक्स्चरकडे आहे. रंगवलेली असण्याची शक्यता मला कमी वाटते. दुकानं हॅट रंगवायची ती डाग लपवायला, म्हणजे काळी नाहीतर गडद तपकिरी. असा धूसर, मधलाच रंग मुद्दाम कुणी देत नसे. मिक्स्चर निघालं तर 1950 च्या आसपासची मध्यम कडेची हिरवट स्टेटसन ही चांगली चीज आहे. करडा उडालेला निघाला तरी वाईट वाटून घेऊ नका, फितीखाली मूळ रंगाचा पट्टा असणार आणि घरच्यांना आजोबांची हॅट खरी कशी दिसायची ते त्यावरून कळेल.

ती रंगवून घेण्याच्या भानगडीत मात्र पडू नका. बाजारातला कपड्यांचा रंग बहुधा सुती कपड्यासाठी असतो, तो लवेवर धड बसत नाही. रंग बसायला लागणाऱ्या उष्णतेने फेल्ट आटतं आणि चामडं वाळून वाकडं होतं. साफसफाई पुरेशी आहे. मऊ केसांचा ब्रश घ्या आणि लवेच्या दिशेने, घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवत हलका हात चालवा. गडद आणि फिक्या हॅटसाठी ब्रश वेगवेगळे ठेवा, एकाची धूळ दुसरीवर बसते. फिक्या हॅटवर तेलाचा डाग असेल तर कोरडी मुलतानी माती टाकून रात्रभर ठेवा आणि सकाळी झटका. गडद हॅटवर ती वापरू नका, पांढुरके कण लवेत अडकून राहतात. तिथे वाफेचा हलका हबका देऊन ब्रश मारणं बरं, फक्त वाफ चामड्यापर्यंत जाऊ देऊ नका.

आपल्याकडच्या दमट हवेत खरा धोका कसरीचा आणि बुरशीचा. ट्रंकेत परत ठेवण्याआधी हॅट एक-दोन दिवस सावलीत वाऱ्यावर ठेवा, आतल्या घड्यांत बारीक जाळी किंवा अळ्या आहेत का ते पाहा. असतील तर हवाबंद पिशवीत घालून काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता पूर्ण खोलीच्या तापमानाला येऊ द्या. डांबरगोळ्या फेल्टला टेकतील अशा टाकू नका. आणि कडेवर बसवून ठेवू नका, क्राऊनवर, म्हणजे माथ्यावर, उलटी ठेवा किंवा आत कागदाचे बोळे घालून ठेवा, म्हणजे कड सपाट होणार नाही.

फोटो पाठवलेत तर नक्की सांगता येईल. तीन लागतील: पट्टीच्या मागचं फेल्ट पांढऱ्या कागदाशेजारी, कडेची शिलाई जवळून, आणि डाव्या बाजूने फितीच्या गाठीसकट पूर्ण हॅट. सगळे दिवसाउजेडी, फ्लॅश बंद करून.